स्वालाची खूण

रेक्याविकच्या डॉक्टरांनी जगायला फार तर ऑगस्टपर्यंतची मुदत दिली, आणि माझ्या भाचीने, स्वालाने, घरी येऊन आधी नवे बूट मागवले. सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून उतरवायला जायचं तर जुने गळतात, म्हणाली. वय एकोणीस. आई-बापामागे मीच वाढवलेली. नर्सबाईंनी मला समजावलं होतं की माणूस आधी नाकारतं, मग चिडतं, मग देवाशी घासाघीस करतं, मग खचतं आणि शेवटी स्वीकारतं. आमच्या पोरीत हे सगळं फाटक उघडल्यावर मेंढ्या घुसाव्यात तसं एकदमच घुसलं.

बूट आले त्याच दिवशी तिने ते भिंतीवर फेकले. मग काळ्या मेंढीला वेठीला धरलं. "हिला जुळं झालं तर मी सप्टेंबर बघणार." काळीला एकच पिल्लू झालं. स्वाला भिंतीकडे तोंड करून निजली. मी कोकराची दुधाची बाटली तिच्या हातात कोंबली तर म्हणाली, "तूच पाज. मला आता कशाला लळा लावतेस?"

जूनमध्ये कोकरं डोंगरावर सोडण्याआधी कान कापून खूण करतात. प्रत्येक मालकाची खूण वेगळी. स्वालाची तिच्या आजीकडून आलेली. तिच्या कोकरांना यंदा माझी खूण करायची, असं मी ठरवून टाकलं. सप्टेंबरात मेंढ्या उतरल्या की सगळ्यांच्या सामाईक मेंढवाड्यात लोक कान चाचपून मालकाचं नाव ओरडतात आणि ज्याची मेंढी त्याच्या कप्प्यात ढकलतात. ते नाव मला ऐकवणार नव्हतं.

सुरी पाजळत होते, तेवढ्यात ती नवे बूट घालून बाहेर आली.

"माझी कोकरं आण."

"यंदा सगळ्यांना माझीच खूण करू."

"का? मी मेले की काय?" मी सुरी दगडावर घासत राहिले. तीच पुढे म्हणाली, "सप्टेंबरात मी नसेन, ठाऊक आहे मला. पण शेजारच्या बेर्गुरकाकाला वाड्यात माझं नाव ओरडावंच लागेल. पोरींना कान वाचता येत नाहीत म्हणायचा ना?"

"आणि माझ्या जिवाचं काय?"

"तुझ्यासाठीच तर. नाहीतर तू या घरात कुणाला माझं नाव काढू देणार नाहीस. ओळखते मी तुला, आत्या. काळीचं पिल्लू मादी आहे, ते राखून ठेव, खाटकाला देऊ नकोस. बाकीची जाऊ देत पातेल्यात."

मी कोकरं धरली, तिने खुणा केल्या. एकही कान वेडावाकडा कापला नाही. माझी पन्नाशी उलटली, तरी तेवढी छाती माझ्यात नव्हती.

ऑगस्टमध्ये ती गेली. मी तिची खोली बंद केली, आणि ती म्हणाली होती तसंच, घरात कुणाला तिचं नाव काढू दिलं नाही.

सप्टेंबरात वाडा मेंढ्यांनी भरला. शेजारच्या शेतावरच्या म्हाताऱ्या बेर्गुरने एक काळं कोकरू दोन पायांत धरलं, कान चाचपले आणि माझ्याकडे बघून मान खाली घातली.

"तुमच्याकडचं आहे," एवढंच पुटपुटला.

मला पोरीचा राग आला, आणि तिचा अभिमानही वाटला.

"कुणाचं?" मी विचारलं. "कान वाचता येत नाहीत का तुला?"

बेर्गुरने घसा खाकरला. मग अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असा ओरडला, "स्वालाचं!"

मी आमच्या कप्प्याचं दार उघडलं आणि कोकराला आत घेतलं.