म्हसळ्याचे म्हसळकर

हमदुल्ला म्हसळकर जन्मले बोर्ली पंचतनात, त्यांचे अब्बाही तिथलेच. म्हसळा म्हणजे त्यांच्या लेखी एसटी बदलायचं ठिकाण. कुवेतला वीस वर्षं क्रेन चालवली तेव्हा तिथले लोक त्यांना 'मुंबईवाला' म्हणायचे. मुंबई त्यांनी विमान पकडण्यापुरतीच पाहिली होती. नावांचं हे असंच असतं, कुणी विचारत नाही तोवर सगळं ठीक.

पण गेल्या रविवारी विचारलं. बोर्लीतल्या त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात मदत करणाऱ्या नातीसाठी, लाइबासाठी, म्हसळ्याहून फहादचं स्थळ आलं होतं. मुलगा गुणी, आणि मुख्य म्हणजे लाइबाच्या मनात भरलेला. सांदणं खाता खाता फहादची आजी रहिमुन्निसा म्हणाली, "तुमी म्हसळकर, म्हंजे मूळचे आमच्याच गावचे. घर कुठल्या मोहल्ल्यात?" 'ठाऊक नाही' म्हणायला काय जात होतं? पण हमदुल्लांना वाटलं, ज्याला स्वतःचं मूळ घर माहीत नाही, त्याच्या घरची मुलगी कोण करील? ते बोलून गेले, "मशिदीच्या मागं. शुक्रवारी येतो, दाखवतो."

शुक्रवारी सकाळीच कडक इस्त्रीचा सदरा घालून ते म्हसळ्यात उतरले. मशिदीच्या मागे लाकडांची वखार निघाली. चहावाल्याने नुसती मान हलवली, किराणावाल्याने दुसऱ्या किराणावाल्याकडे पाठवलं. पोस्टमन तर हसलाच. "चाचा, सत्तावीस वर्षं टपाल वाटतोय. दिघीकर हायत, श्रीवर्धनकर हायत, पण म्हसळकरांचं एक पाकीट आलं न्हाय कधी."

एका थापेपायी आपण पोरीचं चांगलं स्थळ घालवणार, हे हमदुल्लांना दिसू लागलं. एखादं पडकं जोतं दाखवून वेळ मारून न्यावी, असंही क्षणभर मनात आलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. ते सरळ रहिमुन्निसाच्या दारात गेले आणि उंबऱ्यातच म्हणाले, "आपा, मी खोटं बोललो. आमचं घर हितं कुठं हाय ते मला ठाऊक न्हाय. गावात कुणालाच ठाऊक न्हाय. गुन्हा माझा हाय, पोरीचा न्हाय."

रहिमुन्निसा इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

"हमदुल्लाभाई, म्हसळ्यात म्हसळकर सापडंल कसा? हितं सगळेच म्हसळ्याचे. कोण कुणाला म्हसळकर म्हणंल? गाव सोडून दुसरीकडं गेलं, की तिथले लोक गावाचं नाव चिकटवतात. बसा आत. आमचं आडनाव काय हाय, सांगा बघू."

"बोर्लीकर," हमदुल्ला म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. इतके दिवस ते नाव त्यांनी ऐकलं होतं, पण त्यांच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

"दोन वर्षांमागं मी बोर्लीला आले होते, आमचं मूळ घर शोधायला. सगळा बाजार पालथा घातला. एका हार्डवेअरच्या दुकानात विचारलं, तर मालक पेपरातनं डोकं वर न काढता म्हणाला, 'बोर्लीत कुणी बोर्लीकर न्हाय.' तुमीच ते."

हमदुल्लांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण तुमच्या नातीनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आन् तसल्या उन्हात माझ्यासंगं दहा घरं फिरली. घर काय गावलं न्हाय. पण फहादसाठी पोर मी तवाच ठरवली."

हमदुल्लांना हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. जीव भांड्यात पडल्यावर त्यांना एक गोष्ट मात्र सलली. "म्हंजे आपा, लाइबाचं म्हसळकर आडनाव आता जाणार."

"जाऊ दे की," रहिमुन्निसा त्यांच्यापुढे चहा ठेवत म्हणाली. "पाच पिढ्या आमी बोर्लीकर म्हणवतो, पण बोर्लीहून आलेली बोर्लीकर आमच्या घरात हीच."