लशीची गाठ

सणसर गावात बनाबाईच्या हातची न्हालेली पोरं आज मिशा पिळत ट्रॅक्टर हाकतात. चाळीस वर्षांत आपला हात चुकला नाही, हे ती ज्याला त्याला ऐकवायची, न विचारता. म्हणून मांडीत लस टोचल्यावर निकिताच्या छकुलीला तिथंच गाठ दिसली तेव्हा बनाबाईचाच शब्द चालला.

"लशीची गाठ हाय. शेकली की विरंल."

ती विरली नाही. तीन महिन्यांत लिंबाएवढी झाली. बारामतीच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली, तुकडा तपासायला गेला. मग डॉक्टरीणबाईंनी निकिताला आणि तिच्या नवऱ्याला, ज्ञानेशला, समोर बसवलं.

"लाखात एखाद्या बाळाला होते अशी गाठ आहे. कॅन्सरचीच जात. उद्या काढू. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली असेल, तर पाय वाचवता येणार नाही."

निकिता बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली. सासू नाही, आई लांब. सोबत आलेल्या बनाबाईच्याच खांद्यावर तिनं डोकं टाकलं. "लस टोचायलाच नको हुती वो मावशी. मीच नेली तिला."

गाठ लशीच्या आधीची होती, हे बनाबाईला ठाऊक होतं. बारशाच्या सकाळी चोळताना तिच्या अंगठ्याला लागली होती, हरभऱ्याएवढी. पण बाळाच्या अंगात काही निघालं की लोक आधी न्हाऊ घालणारीकडे बोट दाखवतात. ती गप्प बसली, आणि पुढं लशीचं आयतं निमित्त मिळालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिच्या मुठीत पोरीचा पाय होता.

"लशीचं न्हाय ते, निकिता. बारशादिशीच लागली हुती मला. मी बोलले न्हाय."

निकितानं डोकं उचललं. ती उठून ज्ञानेशकडे गेली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बनाबाईला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन चार तास चाललं. बनाबाई दाराशी उभीच होती. बस म्हणायला कुणी आलं नाही.

"पाय वाचला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मांडीचं बरंच मांस गेलं. लंगडेल ती. गाठ लहान असताना तुम्ही आला असतात, तर एवढं कापावं लागलं नसतं."

संध्याकाळी भूल उतरली आणि छकुली कळवळून रडायला लागली. बनाबाईनं सवयीनं दोन्ही हात पुढं केले.

"हात लावू नगा तिला," निकिता म्हणाली.

"बरं," म्हणत बनाबाईनं हात पदराखाली घेतले.