मी झाकलेले नाव

मी एक जुना जांभळा पडदा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना बहुधा गोड बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे आणि तो मी झाकणार नाही. झाकण्याचेच काम मी आयुष्यभर केले. त्यातूनच पुढचे सगळे घडले.

आमच्या लुथरन मंडळीच्या चर्चमध्ये वेदीच्या उजव्या हाताला भिंतीवर एक लाकडी फळा आहे. त्यावर 'हालेलूया' हा शब्द कोरलेला आहे. ईस्टरच्या आधी, रविवार सोडून चाळीस दिवस, लेंट म्हणजे उपवासकाळ असतो. त्या दिवसांत आमच्याकडे हालेलूया म्हणत नाहीत. आनंदाचा तो शब्द बाजूला ठेवायचा, आपल्या चुका आठवायच्या आणि ईस्टरच्या सकाळी तो पुन्हा तोंडात घ्यायचा. म्हणून हा काळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी फळ्यावर मला टांगतात. एकदा टांगले की ईस्टरपर्यंत मला कोणी हात लावायचा नाही, असा नियम आहे.

तो फळा सुताराने केला आणि मला त्याच्या बायकोने. तिला सगळे टेलरबाई म्हणत. एकतीस वर्षांपूर्वी तिने जाड सुती कापड आणले आणि घरच्या पातेल्यात स्वतः रंगवले. रंग सारखा बसला नाही. माझी डावी बाजू अजूनही उजवीपेक्षा गडद आहे. मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा मंडळीचे वडील पंच म्हणाले होते, "बाई, हा जांभळा आहे की वांग्याचं साल?" या पंचांना सगळे घड्याळकाका म्हणतात, कारण प्रवचन चालू असताना ते मनगटाकडे बघत बसतात. त्या काळी ते केसांना कलप लावत.

टेलरबाई म्हणाली, "काका, तुमचे केस दर महिन्याला वेगळ्या रंगाचे दिसतात. आम्ही कधी काही बोललो का?"

सुतार बाकामागे तोंड लपवून हसला. घड्याळकाकाही हसले. माझा जन्म असा हसण्यात झाला. माझ्या कडेला तिने तांदळाच्या दाण्याएवढे बारीक टाके घातले. एकतीस वर्षांत त्यांतला एकही उसवला नाही.

दर वर्षी ती मला पेटीतून काढायची, धुवायची, इस्त्री करायची आणि टांगायची. शाबासकी मलाच मिळायची. "पडदा काय सुरेख दिसतो," असे लोक म्हणायचे. टांगणारीचे हात कोणी बघितले नाहीत. आणि ते हात आणखी एक काम करायचे, जे मंडळीत कोणालाच ठाऊक नव्हते. ते नीट ऐका, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

हालेलूयाच्या फळ्याच्या खालच्या कडेला एक कागद टाचलेला असतो. ती आजाऱ्यांची यादी. ज्याच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले आहे त्याने तिथे नाव लिहायचे. मग मंडळीतली माणसे पाळीपाळीने त्या घरी जातात, पाळक प्रभुभोजन घेऊन जातात. मला टांगण्याआधी टेलरबाई तो कागद काढायची आणि दारामागच्या भिंतीवर नेऊन लावायची. मग मला सोडायची. इतके साधे काम. एवढे साधे, की ते कोणी करते हेच कोणाच्या ध्यानात आले नाही. लोकांना वाटायचे, उपवासकाळात यादी आपोआप दाराकडे जाते.

त्या वर्षी टेलरबाई स्वतः अंथरुणावर होती.

मंगळवारी दुपारी सुतार एकटा आला. त्याने खिशातली सुतारकामाची जाड पेन्सिल काढली, यादीवर काहीतरी लिहिले आणि घाईने परत गेला. घरी ती एकटी होती. संध्याकाळी पाच वाजता मला टांगायला घड्याळकाका स्टुलावर चढले. खाली गायनबाई मला धरून उभ्या होत्या. त्या आमच्या गायनगटाच्या प्रमुख.

"दर वर्षी हे टेलरबाई करतात. यंदा कुठे आहेत?" गायनबाईंनी विचारले.

"लेकीकडे गेली असणार. लेकीचं बाळंतपण आहे ना. चला, सोडा, मला सहाला पोचायचंय."

मला सोडले. मी सरळ खाली आलो आणि यादीवर पडलो. मित्रांनो, मी पडदा आहे. मला पडता येते, थांबता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दारामागे यादी दिसेना. घड्याळकाकांना वाटले, यंदा यादी लावायची राहिली. त्यांनी नवा कागद घेतला, वर ठळक अक्षरांत मथळा लिहिला आणि टाचला. त्यावर कोणी काही लिहिले नाही. तिसऱ्या रविवारी ते सूचना द्यायला उभे राहिले आणि समाधानाने म्हणाले, "देवाची कृपा आहे. यंदा यादी कोरी आहे. आपल्यात कोणी आजारी नाही."

खरा कागद माझ्या पाठीला चिकटलेला होता. त्याच्या टाचणीचे डोके मला सारखे टोचत होते.

आणि माझ्यासमोर चाळीस दिवस काय चालले होते ते सांगतो. लोक एकमेकांना सांगत होते की आपण काय सोडले आहे. गायनबाईंनी साखर सोडली होती. एकाने टीव्ही सोडला होता. एका आजोबांनी तपकीर सोडली होती आणि त्यामुळे घरातल्या सगळ्यांवर खेकसत होते. एका काकूंनी दुसऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढणे सोडले होते, आणि ही बातमी त्यांनी तीन घरी जाऊन स्वतः दिली. ती तीन घरे आणि टेलरबाईचे घर एकाच गल्लीत होते. बुधवारच्या प्रार्थनेत सगळे गुडघे टेकून म्हणत, "प्रभू, आमची कठोर मने मऊ कर." बाकांचे आवाज करत उठत आणि घरी जात. एवढा उपवास करून पोटे तेवढी रिकामी झाली. वेळ एकानेही सोडला नाही.

टेलरबाईच्या घरी काय चालले होते ते मला तेव्हा माहीत नव्हते. नंतर सुताराने सांगितले, मी त्याच्या मांडीवर होतो तेव्हा. ते पुढे येईलच, पण आत्ताच सांगून टाकतो.

ती रोज दुपारी चार वाजता त्याला ताटात दोन कप जास्तीचे मांडायला लावायची. त्यांचा नेहमीचा चहा वेगळा. हे दोन येणाऱ्यांसाठी.

"अगं, कोणी आलं तर मांडीन ना," तो म्हणायचा.

"आल्यावर कप शोधत बसाल. तुम्हाला बश्या कुठे असतात ते तरी माहितीये का?"

"मी जाऊन काकांना सांगून येतो."

"काही गरज नाही. नाव लिहिलंय ना? लिहिलंय. मग येतील. हाताला धरून आणलेली माणसं नकोत मला."

दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "उपवास चालू आहेत, चहा नको म्हणतील. पण कप मांडाच." तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "पाळक नवीन आहेत, त्यांना घर सापडत नसेल." लेक बाळंतीण होती, तिला काही कळवायचे नाही अशी तिने ताकीद दिली होती. चौथ्या आठवड्यात ती काही म्हणाली नाही. तरी चार वाजता ताटाकडे बघायची. तो कप मांडायचा आणि पाच वाजता तसेच कोरडे उचलून ठेवायचा.

पाचव्या आठवड्यात, सोमवारी, ती गेली.

तिची शवपेटी माझ्यासमोर ठेवली होती. ती पेटी सुतारानेच केली होती. चर्च भरले होते. जी माणसे पाच आठवड्यांत तीन गल्ल्या ओलांडू शकली नाहीत, ती सगळी आली होती. मला तेव्हा वाटले, खिळा तोडून त्यांच्या अंगावर पडावे. बायका रडत म्हणाल्या, "आम्हाला कळलंच नाही हो!"

"यादीत होतं," सुतार म्हणाला.

घड्याळकाका पुढे आले. "सुतारा, असं कसं म्हणतोस? यादी कोरी होती. मी दर रविवारी बघत होतो. नाव असतं तर आम्ही आलो नसतो का?"

"मी माझ्या हाताने लिहिलं, काका."

"लिहायचं मनात असेल. राहून गेलं असेल. अशा वेळी माणसाला आठवत नाही. कोणी तुला दोष देत नाहीये."

मित्रांनो, हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. दोष देत नाही असे म्हणून त्यांनी सगळा दोष त्याच्या पदरात घातला. आणि मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर लटकत होतो. पुरावा माझ्या पाठीशी होता आणि मला तोंड नव्हते.

पुढचे तेरा दिवस सुताराच्या मनाला भुंगा लागला. खरेच लिहिले होते का? की नुसता येऊन उभा राहिलो आणि परत गेलो? ती त्याच्या शब्दावर पाच आठवडे कप मांडायला लावत राहिली. नावच लिहिलेले नसेल, तर तिला त्यानेच फसवले होते. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी तो आला, शेवटच्या बाकावर बसला. सगळ्यांनी झावळ्या हलवल्या. त्याची मांडीवरच राहिली. नंतर तो दारामागच्या कोऱ्या यादीपुढे उभा राहिला. त्याने खिशातली पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितले आणि परत ठेवली.

त्या आठवड्यात गुरुवारी रीतीप्रमाणे वेदीवरचे सगळे उतरवले. मेणबत्त्या, पुस्तक, वस्त्रे. शुक्रवारी चर्च उघडेबोडके होते. मी मात्र टांगलेलाच. माझ्याइतकी ईस्टरची वाट कोणीच पाहिली नसेल, आणि तीही आनंदासाठी नाही.

रविवारी सूर्य वर आला. चर्च भरले होते. पाळक म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे!" सगळे म्हणाले, "खरोखर उठला आहे!" पाळकांनी माझी दोरी ओढली. मी खाली पडलो. लोकांनी वर अक्षरांकडे पाहिले आणि हालेलूया सुरू केले. एक ओळ झाली. मग गायनबाईंचा आवाज मधेच तुटला. त्यांची नजर खाली गेली होती, फळ्याच्या कडेला.

गाणे विस्कटले आणि थांबले. घड्याळकाकांनी चष्मा लावला आणि जवळ गेले. सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेले होते, 'टेलरबाई. अंथरुणावर आहे. दुपारी चारनंतर कधीही या. चहा होईल.'

घड्याळकाका वेदीच्या पायरीवर मटकन खाली बसले. सुतार मागून चालत आला. त्याने आपले अक्षर वाचले. बोटाने एकेक शब्दावरून गेला.

"म्हणजे मी लिहिलं होतं," तो म्हणाला.

पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने बाजूला केला. वळून सगळ्यांकडे पाहिले.

"आता गप्प का? गा ना. ती पण म्हणायची हे. गा!"

ते गायले. फार वाईट गायले. मी जमिनीवर पडून ऐकत होतो. सुतार असा म्हणत होता, जसा कोणी खिळा ठोकतो. उपासना संपल्यावर त्याने कोणाला न विचारता मला उचलले, काखेत घातले आणि घरी नेले.

वर्षभर मी तिच्या शिवणयंत्रावर घडी होऊन राहिलो. बायका येऊन म्हणाल्या, "आम्ही नवा पडदा शिवतो, हा आता नको. बघवत नाही." तो म्हणाला, "बघवत नाही म्हणूनच हा पाहिजे." घड्याळकाकाही येऊ लागले, दर गुरुवारी चार वाजता. पहिल्या दिवशी सुताराने कप मांडला. काकांनी चहा घेतला आणि कप स्वतः धुऊन ठेवला. मनगटाकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. त्यांना माफी मिळाली का, ते मला माहीत नाही. मी तरी दिलेली नाही.

पुढच्या उपवासकाळाच्या आधी सुताराने मला मांडीवर घेतले. पट्टी आणि पेन्सिल घेऊन खालच्या बाजूला एक चौकोन आखला, यादीच्या कागदाएवढा. मग तिची कात्री घेऊन तो चौकोन कापला. मला दुखले. एकतीस वर्षांत मला पहिल्यांदाच कोणी कापले होते. नंतर त्याने त्या चौकोनाची कड दुमडून शिवली. तेव्हाच त्याने मला कपांची गोष्ट सांगितली, टाक्याटाक्याला थांबून. सुई त्याच्या बोटांत मावत नव्हती. तीनदा टोचली. त्याचे टाके मोठे आणि वेडेवाकडे आहेत. बाहेरच्या कडेला तिचे तांदळाएवढे टाके, आतल्या कडेला त्याचे. आता मी असा आहे.

मला पुन्हा टांगले. हालेलूया झाकला जातो. त्याच्या खाली माझ्या पोटातल्या खिडकीतून यादी दिसते. कोणी म्हणाले, वेदीशेजारी फाटका पडदा शोभत नाही. त्याला घड्याळकाकांनीच उत्तर दिले, "शोभायला लावलेला नाही."

मित्रांनो, झाकायचे ते खुशाल झाका. आनंद चाळीस दिवस झाकला तर तो कुठे जात नाही. माणसाचे नाव झाकू नका. आणि जी बाई मुकाट्याने तुमचा कागद इकडून तिकडे लावते, ती आजारी पडायच्या आधी तिला विचारा, तुम्ही काय काय करता?

माझा राग गेला का? नाही. आजही यादीत तीन नावे आहेत. दोन घरी माणसे जाऊन आली. तिसरे नाव रविवारपासून तसेच आहे. एका म्हाताऱ्या शिक्षकांचे. आज बुधवार आहे आणि चार वाजत आले आहेत. तिथे कोणीतरी कप मांडून बसले असेल.

आणि तुम्ही अजून इथे बसून एका पडद्याची गोष्ट ऐकताय? उठा. चपला घाला.