वगैरेत बसत नाही

मी एक ‘वगैरे’ बोलतोय. हसू नका. तुम्ही दिवसातून दहादा मला तोंडावाटे टाकता आणि पुढे जाता. “चहा वगैरे घेणार का?”, “ताप वगैरे नाही ना?” तिथे मी असलो काय नि नसलो काय, कुणाचं काही अडत नाही. पण मी त्या रिकामटेकड्या वगैरेंपैकी नाही. मी एका न्यायालयाच्या निकालातला वगैरे आहे. माझ्यामुळे माणसं घरात राहिली आहेत. आता मला काढून टाकलंय, आणि काढून टाकलेल्या शब्दाचं कोण ऐकणार? म्हणून घाईघाईने सांगतोय. तुम्ही तरी ऐका हो.

भाड्याच्या घरांचा एक कायदा होता. भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना घराबाहेर काढता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. कुटुंबीय म्हणजे कोण, हे मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. कायदा करणारे विसरले, की त्यांनी मुद्दाम टाळलं, देव जाणे. मग एक घड्याळजी वारला. त्याच्या घरात त्याची विधवा सून राहत होती. घरमालक म्हणाला, नवरा आधीच गेला, आता सासराही गेला, ही कुणाची कुटुंबीय? प्रकरण वर चढत चढत वरच्या न्यायालयात एका वयस्कर न्यायाधीशांपुढे आलं.

माणूस भला होता. त्यांनी सुनेच्या बाजूने निकाल लिहायला घेतला. “कुटुंबीय म्हणजे पती, पत्नी, मुलं, सून, नातवंडं” इथवर आले आणि छताकडे बघत आणखी नाती आठवू लागले. तेवढ्यात शिपायाने चहा आणून ठेवला. साहेबांना चहा गार झालेला खपत नसे. त्यांनी झटकन ‘वगैरे’ असं लिहिलं, पूर्णविराम दिला आणि कप उचलला. हा माझा जन्म. पुढे मोठमोठ्या वकिलांनी तासन्‌तास सांगितलं, की न्यायमूर्तींनी हा शब्द किती खोल विचाराने योजला आहे. खोल काही असेल तर तो कप होता.

खरं म्हणजे त्या सुनेला घर मिळालं तिथे माझं काम संपायला हवं होतं. पण न्यायालयात तसं नसतं. निकाल छापला जातो, जाड पुस्तकात बांधला जातो. मग दुसऱ्याच कुठल्या शहरातला वकील ते पुस्तक उघडून खालच्या न्यायाधीशांना म्हणतो, “साहेब, वरच्या न्यायालयाने असं म्हटलंय.” की मिटलं! खालच्याने वरच्याचं ऐकायचं, आणि काल एकाला जो न्याय दिला तोच आज तशाच दुसऱ्याला द्यायचा, अशी तिथली रीत. तशी ती वाईट नाही. नाहीतर प्रत्येक साहेबाच्या मर्जीप्रमाणे कायदा बदलला असता. पण माझ्यासाठी कुणी मतं मागितली नाहीत, सभागृहात कुणी हात वर केले नाहीत, तरी मी कायदा झालो. मला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं.

माझे सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. एक भाचा आला. आजारी मामाचं सगळं अंथरुणात करणारा, अबोल पोरगा. यादीत भाचा नव्हता. न्यायाधीशांनी चष्मा वर करून यादी पुन्हा वाचली आणि म्हणाले, “भाचा वगैरेत बसतो.” मग एक सावत्र आई आली. तीही बसली. प्रत्येक वेळी नवा निकाल, आणि त्या निकालाच्या आधाराने आणखी कुणी. माझ्यात जागाच जागा होती. ज्याला यादीत नाव नाही त्याच्यासाठी मी आहे, असं मला वाटायचं. मी फुशारलोच होतो म्हणा ना.

आणि मग तो भामटा आला. एका एकट्या म्हाताऱ्याच्या शेवटच्या आजारपणात हा गृहस्थ पेटी घेऊन घरात शिरला, म्हाताऱ्याचे डोळे मिटले तसा खिडक्यांना नवे पडदे लावून मोकळा झाला. न्यायालयात म्हणाला, “मी त्यांचा मानलेला भाऊ. मला वगैरेत धरा.” तीन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे ते प्रकरण होतं. तिघेही संतापले आणि ते योग्यच होतं. त्याला हाकलायला “हा माणूस खोटा आहे” एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण रागाच्या भरात त्यांनी लिहिलं, “वगैरे या शब्दात फक्त रक्ताची आणि लग्नाची नाती येतात. मानलेली नाती येत नाहीत.”

भामटा गेला. वाक्य राहिलं. ते छापलं गेलं, बांधलं गेलं, आणि ज्यांनी कधी कुणाला फसवलं नाही अशा माणसांच्या अंगावर जाऊन पडू लागलं. मी ओरडून सांगणार होतो, की अहो, ते त्या एकट्यासाठी होतं! पण शब्दाला बोलायला दुसऱ्याचं तोंड लागतं, आणि माझ्यासाठी तोंड उघडणारं कुणी नव्हतं.

अशात वहिनी आल्या.

वहिनी एका लॉन्ड्रीत इस्त्री करायच्या. तरुणपणी त्यांचं एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी लग्न ठरलं होतं. तारीख ठरली, कपडे शिवून झाले आणि नवऱ्या मुलाला ताप भरला. घरात त्याची थोरली बहीण तेवढी होती, पायाने अधू, काठी घेऊन चालणारी. तिला एकटीला झेपेना, म्हणून वहिनी मदतीला गेल्या. ताप उतरला नाही. मुलगा गेला. वहिनी परत जायला निघाल्या तेव्हा थोरली बहीण दाराला धरून उभी होती. तिने थांब म्हटलं नाही. नुसतं विचारलं, “मग उद्या भाजी कुठली आणायची?” वहिनींनी पिशवी खाली ठेवली.

त्या राहिल्या ते राहिल्याच. बहिणीला त्या वन्सं म्हणायच्या, ती त्यांना वहिनी म्हणायची. सासर नव्हतं, पण नणंद होती. सगळी गल्ली वहिनीच म्हणायला लागली, खालच्या मजल्यावरचा घरमालकसुद्धा. दोघींचे केस पांढरे झाले. वन्संचं अंघोळ-पाणी, औषधं, काठी शोधून देणं, सगळं वहिनींनी केलं. आणि दोघी भांडायच्याही अगदी नणंद-भावजयीसारख्या. मीठ कमी पडलं की वन्सं म्हणायच्या, “आमच्या भावाने काय बघून पसंत केली कुणास ठाऊक!”

घर वन्संच्या नावावर भाड्याने होतं. वन्सं गेल्या आणि घरमालकाने दावा लावला. तो काही राक्षस नव्हता. मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याला जागा हवी होती. न्यायालयाच्या बाहेर बाकावर वहिनी बसलेल्या दिसल्या की तो जवळ यायचा.

“वहिनी, काही खाल्लंत की नाही? उन्हाच्या आलात.”

“खाल्लं हो भावजी. तुमचा गुडघा कसा आहे?”

आणि आत जाऊन हेच भावजी शपथेवर सांगायचे, की या बाईंचं मयत भाडेकरूशी काही नातं नाही.

खालच्या न्यायालयात वहिनी हरल्या. तिथल्या साहेबांनी तीन न्यायाधीशांचं ते वाक्य दाखवलं आणि हात वर केले. मग वरचं न्यायालय. वहिनींच्या वकीलबाई चिवट होत्या. गळ्यात दोरीला चष्मा, हातात ते जाड पुस्तक, आणि पुस्तकात मी. त्यांनी मला बोटाने दाबून धरलं होतं, जणू मी निसटून जाईन. त्या दिवशी माझ्या जिवाची जी घालमेल झाली ती कशी सांगू? वहिनींना दुसरं घर नव्हतं. इस्त्रीच्या पैशात दुसरं मिळणारही नव्हतं. त्यांना माझ्यात जागा मिळाली तरच त्या वाचणार होत्या.

“साहेब,” वकीलबाई म्हणाल्या, “लग्न ठरलं होतं. सगळी गल्ली यांना वहिनी म्हणते. स्वतः घरमालक वहिनी म्हणतात.”

घरमालकाचा वकील उठला. “साहेब, आपण टॅक्सीवाल्याला दादा म्हणतो, भाजीवालीला मावशी म्हणतो. उद्या भाजीवाली माझ्या घरात हक्क सांगायला आली तर?”

सगळे हसले. साहेबही हसले. मी हादरलो, कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्या भाषेत नाती अशी वाटेत वाटली जातात खरी.

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. “बाई, तुम्हाला काही सांगायचंय?”

वहिनी उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. “साहेब, मावशी म्हणणारे भाजी घेऊन आपापल्या घरी जातात,” त्या म्हणाल्या. “मी गेलेच नाही.”

हसू थांबलं. मला वाटलं, झालं! आता साहेब चष्मा वर करतील आणि म्हणतील, बसते. माझ्यात जागा होती हो! कितीतरी जागा होती!

साहेबांनी समोरचा जुना निकाल पुन्हा एकदा चाळला. मग वकीलबाईंना म्हणाले, “मला कळतंय. पण तीन न्यायाधीशांचा निकाल आहे, आणि मी इथे एकटा बसलोय. तो मला मोडता येत नाही.”

“साहेब, तो निकाल एका भामट्याचा होता. या बाई तशा आहेत का?”

“निकालात भामटा असं लिहिलेलं नाही, बाई. मानलेली नाती असं लिहिलंय.”

वकीलबाईंचं माझ्यावरचं बोट उचललं गेलं.

दुपारी साहेब आपल्या दालनात स्टेनोबाईंना निकाल सांगत होते. वहिनींच्या सेवेबद्दल त्यांनी दोन चांगली वाक्यं घातली. महिनाअखेर घर सोडावं, असं सांगितलं. मग यादी सांगायला लागले, “पती, पत्नी, मुलं, सून, नातवंडं, भाचा, सावत्र आई...”

“वगैरे?” स्टेनोबाईंनी विचारलं.

साहेबांनी डोळे चोळले. “नको. त्या एका शब्दापायी ही बाई इतके दिवस आशेवर राहिली. पुन्हा कुणाचं असं व्हायला नको. ‘एवढेच’ असं लिहा.”

रागाने काढलं असतं तर मी सहन केलं असतं. त्यांनी मला दया येऊन काढलं. माझ्या जागी ‘एवढेच’ बसला. आता तोही छापला जाईल, बांधला जाईल, खालचे साहेब त्याचं ऐकतील. उद्या कुणी मानलेली लेक येईल, कुणाला सांभाळणारा शेजारी येईल, आणि दार वाजवायलासुद्धा तिथे दार नसेल. तुमच्यापैकी कुणी कधी त्या खुर्चीत बसलात, तर पाया पडतो, एका भामट्याला हाकलताना सगळ्यांचं दार लावू नका. वाक्य लिहून तुम्ही उठून जाता, चहा पिता. वाक्य उठून जात नाही.

छापील निकालात मी आता नाही. पण शब्दाचं एक बरं असतं, कुणी उच्चारला की तो तिथे असतो. महिनाअखेरीला मी वहिनींच्या तोंडी होतो. दारात टेम्पो उभा होता. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत काही दिवस राहायला त्यांना मालकिणीने परवानगी दिली होती. घरमालक जिन्यात उभा राहून म्हणाला, “वहिनी, सांभाळून उतरा, तिसरी पायरी हलतेय.” वहिनी “हो भावजी” म्हणाल्या. आजवर ती पायरी त्यांनीच सगळ्यांना दाखवली होती.

“सामान काय काय आहे काकू?” टेम्पोवाल्याने विचारलं.

“दोन ट्रंका, गादी, इस्त्रीचं टेबल, वन्संची काठी वगैरे.”

“वगैरे म्हणजे किती? टेम्पो लहान आहे माझा.”

वहिनींनी वर खोलीकडे पाहिलं. मी धास्तावलो. आता हाही बोट दाखवून नाही म्हणणार, असंच मला वाटलं.

“वगैरे म्हणजे...” वहिनी म्हणाल्या, “जे राहिलंय ते.”

टेम्पोवाल्याने आत डोकावलं. आपली पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा उचलून पुढच्या सीटवर टाकला, ट्रंका एका अंगाला सरकवल्या, गादी उभी केली.

“बसेल, काकू,” तो म्हणाला. “आणा.”