सातव्या पानाचा आर्ट पेपर

मित्रांनो, मी एक जुना आर्ट पेपर आहे. निपाणीच्या विडी कामगारांच्या स्मरणिकेचं सातवं पान.

लाकडाच्या लगद्यातून निघालो तेव्हा मी चारचौघांसारखाच खरबरीत होतो. मग कारखान्यात माझ्या दोन्ही अंगांना पांढरी माती आणि खळ यांचा लेप दिला आणि जड रुळांमधून दाबून मला चकचकीत केलं. हा लेप शाई आत मुरू देत नाही. ती वरच बसते, म्हणून फोटो कसा लख्ख उठतो! मला त्याचा भारी तोरा. पेन्सिलीला तर मी दारातही उभं करत नसे. बेळगावच्या छापखान्यात माझ्यावर विडी कामगार आण्णाप्पांचा, सभेत बोलतानाचा फोटो उमटला. मालक रघुवीर म्हणाले, “पापणीसुद्धा मोजून घ्या!”

पुढं आण्णाप्पा वारले. घरात त्यांचा दुसरा फोटो नव्हता. त्यांची बायको शेवंताबाई काम आटोपलं की हात धुऊन मला उघडायची. नंतर तिची नजर अधू झाली आणि मी फळीवर पडून राहिलो.

गेल्या महिन्यात माडीवरची टाकी भरून वाहिली. मी चिंब झालो. शेवंताबाईचा जन्म विड्या वळण्यात गेलेला. विडीची पानं भिजवायची, गोणपाटात गुंडाळायची, वर दगड ठेवायचा, की ती सरळ होतात. तिनं मलाही मायेनं तसंच दडपलं. माझी खळ पाण्यानं सुटली होती. वजनाखाली पान पानाला चिकटत गेलं आणि चार दिवसांत आमची वीट झाली.

रविवारी तिचा मुलगा समाधान आला. तो बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत कामाला असतो. त्यानं ब्लेड घातलं. दोन पानं सुटली, पण त्यांवरची माणसं पोपडे होऊन जमिनीवर पडली.

“आई, दगड कशाला ठेवलीस गं?”

“पानं सरळ व्हत्यात म्हणून रं.” ती रडत होती. “थांब. फुडं उघडू नगंस. ते आत हाईत, तसंच ऱ्हाऊ देत.”

मित्रांनो, माझ्यासारखा कागद भिजला तर ओला आहे तोवरच पानं अलगद सोडवा. वजन ठेवू नका. एकदा सुकल्यावर कुणाचाच इलाज चालत नाही.

आता मी तिच्या उशाशी असतो. रोज सकाळी ती माझ्यावर हात ठेवून आण्णाप्पांना विचारते, “बरं हाईसा न्हवं?” त्यांचा चेहरा केव्हाच समोरच्या पानाला चिकटून गेला आहे. मी तिला फसवतो आहे आणि मला दुसरं काही करता येत नाही.