मी हलले नाही

मित्रांनो, हे अफाट विश्व, त्यातले ग्रह, त्यातले तारे आणि ते पाहून थक्क होणारा माणूस, हे सगळे शेवटी तीन पायांवर उभे आहे. ते पाय माझे आहेत. त्यांतला एक दंतवैद्याने कापलेला आहे.

मी एक जुनी लाकडी तिपाई आहे. तुम्ही मला कुठेतरी पाहिले असेल, पण लक्षात ठेवले नसेल. दुर्बिणीतून चंद्र पाहून झाला की माणसे म्हणतात, "काय दुर्बीण आहे!" खाली वाकून माझ्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. त्याचे मला काही वाटत नाही. मी फक्त त्यांचे चेहरे लक्षात ठेवते.

माझा जन्म एका खडूस सुताराच्या हातून झाला. त्याला जगातली कुठलीच जमीन सपाट वाटत नसे, आणि त्याचे खरेच होते. म्हणून त्याने माझा प्रत्येक पाय दोन तुकड्यांत केला. खालचा तुकडा वरच्यात सरकतो, आणि पितळी स्क्रू आवळला की आहे तिथे घट्ट बसतो. उतार असो, खड्डा असो, पाय हवा तेवढा लांब करावा किंवा आखूड करावा. शेंबडे पोरही पाहताक्षणी ओळखेल अशी ही सोय आहे. दंतवैद्याला मात्र ती ओळखता आली नाही. पण ते पुढे येईलच.

माझी उमेदीची वर्षे एका मोजणीदाराच्या खांद्यावर गेली. ते जमिनी मोजत, रस्ते आखत. माझ्या डोक्यावर मोजणीचे यंत्र असे आणि पोटाखाली ओळंबा लोंबत असे. कधी टेकडीवर वारा सुटे, तर कधी दोन सख्खे भाऊ एका कुंपणावरून एकमेकांच्या उरावर बसायला निघत, आणि मी नेमकी त्यांच्या मधे उभी असे. वाऱ्यात हलायचे नाही, शिव्यांत हलायचे नाही, हेच माझे शिक्षण. संध्याकाळी मोजणीदार माझे पाय पुसत आणि म्हणत, "आपली बाई हलली असती, तर आज गावाची हद्द हलली असती." एवढ्या कौतुकावर मी पुढची सगळी वर्षे काढली.

मग ते निवृत्त झाले. त्यांच्या मुलीचे लग्न एका दातांच्या डॉक्टरांशी झाले होते, आणि या जावयांना आकाशाचा नाद लागला होता. मोजणीदारांना स्वतःला आकाश मुळीच आवडत नसे. "एवढी मोठी मोकळी जागा, आणि एका कोपऱ्याला दगड रोवलेला नाही," असे ते वर पाहून चिडून म्हणत. तरी जावयाच्या हौसेखातर त्यांनी एक दुर्बीण आणली. माझ्या डोक्यावर ती धरायला पितळी बैठक बसवली. बैठकीची कळ फिरवली की दुर्बीण हळूहळू सरकते. मला जावयाच्या हवाली करताना ते म्हणाले, "हिला जपा, जावईबापू. ही बोलत नाही, पण विसरतही नाही."

जावईबापू हसले. त्यांना तो विनोद वाटला.

डॉक्टर मनाने वाईट नव्हते, असे सगळे सांगतात. मी सांगत नाही. त्यांच्या गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार होता, त्यामुळे माझा एक पाय किंचित उंच लागे. दुसऱ्या कोणी स्क्रू सैल केला असता. डॉक्टर गच्चीवर पालथे झोपले, पायाखाली दाताची उंची तपासायचा निळा कागद सरकवला आणि पारखी नजरेने म्हणाले, "इथे उंच लागतंय."

बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपडे वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आधी बाबांना विचारा ना."

"यात काय विचारायचं? उंच लागलं की घासायचं. रोज तेच करतो मी."

"ती काय दाढ आहे का?"

"तत्त्व एकच असतं गं."

आणि त्यांनी करवत चालवली. घासता घासता जरा जास्तच घासले गेले. शिवाय दाढ एकदा उगवली की जन्मभर त्याच जागी राहते, तिपाई राहत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेले. तिथे उतार उलट होता. कापलेला पाय आता आखूड पडला आणि मी कलले. त्याखाली त्यांनी दवाखान्यातली कापसाची गुंडाळी ठेवली आणि हात झटकले.

तेव्हापासून त्या मऊ कापसावर मी थरथरू लागले. कोणी जिन्यात शिंकले तरी वर गुरू ग्रह उडी मारे. तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. त्या गच्चीवर शुक्रसुद्धा लुकलुके. पाहुणे विचारत, "डॉक्टर, हा नाचतोय का असा?" डॉक्टर गंभीरपणे म्हणत, "वातावरण." पाहुणे खाली गेले की माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "लाकूड जुनं झालंय."

आणखी ऐका. आठवडाभर दुर्बीण मखमली खोक्यात झोपे आणि मला दवाखान्यात उभे करत. माझ्या डोक्यावर एक भलीमोठी प्लास्टरची दाढ ठेवलेली असे. तिला काळ्या रंगाने कीड काढलेली होती. गावाच्या हद्दी जिने धरून ठेवल्या, तिच्या डोक्यावर किडकी दाढ! रोगी माझ्याकडे पाहून कळवळत. मी डॉक्टरांकडे पाहत असे.

अशात डॉक्टरांना शोध लागला.

दवाखाना बंद करून ते गच्चीवर येत. तेव्हा पश्चिमेला, शुक्राच्या बरेच खाली, क्षितिजाजवळ त्यांना एक ठळक पांढरा ठिपका दिसू लागला. नुसत्या डोळ्यांना तो लुकलुकत नव्हता, म्हणजे ग्रह. फोनवरच्या आकाशाच्या नकाशात तिथे काहीच नव्हते, म्हणजे नवा. आणि सगळ्यांत आधी त्यांना दिसला, म्हणजे त्यांचा. दाढ उपटण्याआधी ते दोनदा फोटो काढून पाहत. आकाशाच्या बाबतीत त्यांना इतका वेळ नव्हता.

मला पहिल्याच दिवशी कळले होते. कसे, ते सांगते. पृथ्वी फिरते, त्यामुळे दुर्बिणीतला कुठलाही तारा, कुठलाही ग्रह सतत एका बाजूला सरकत असतो. त्याला धरून ठेवायचे तर माझ्या बैठकीची कळ सारखी थोडी थोडी फिरवावी लागते. या ठिपक्यासाठी डॉक्टरांनी कळेला एकदाही हात लावला नाही. तो जिथल्या तिथे. जे आकाशात असते ते सरकते. जे सरकत नाही ते खांबावर असते.

मला बोलता येत नाही, मित्रांनो. पण येत असते, तरी मी बोलले नसते.

गावात आकाशप्रेमींचे एक मंडळ होते. मंडळाने नवी मोठी दुर्बीण आणि तिचा लोखंडी स्टँड घेतला होता, आणि नव्या अध्यक्षाच्या गच्चीवर तो ठेवायचे ठरले होते. जुन्या अध्यक्षबाई पद सोडणार होत्या. डॉक्टरांनी त्यांना निरोप धाडला: माझा ग्रह पाहायला या, आणि मग अध्यक्ष कोण ते ठरवा. रात्री ते पत्नीला म्हणाले, "एकदा तो लोखंडी स्टँड आला ना, की ही कायमची दाढेखाली."

मी ऐकत होते. म्हणजे आता एकतर डॉक्टर, नाहीतर मी.

मंडळी यायच्या आदल्या दिवशी मोजणीदार लेकीकडे राहायला आले. गच्चीवर पाऊल टाकताच ते थबकले.

"जावईबापू, हा पाय कुणी कापला?"

"कापला नाही बाबा. किंचित घासला. उंच लागत होता."

मोजणीदार गुडघ्यावर बसले, रुमालाने पितळी स्क्रू पुसला, नखाने त्यातली धूळ काढली आणि तो फिरवला. पाय सुळकन खाली आला. त्यांनी तो उतारावर टेकवला, स्क्रू आवळला आणि कापसाची गुंडाळी उचलून जावयाच्या हातावर ठेवली.

"हा कसला स्क्रू?" डॉक्टरांनी विचारले.

"शहाण्याला पुरतो असा," मोजणीदार म्हणाले आणि चहा प्यायला खाली गेले.

कितीतरी वर्षांनी मी ताठ उभी राहिले. त्या रात्री डॉक्टरांनी आपल्या ग्रहावर दुर्बीण लावली. ठिपका आता जराही थरथरत नव्हता. काळोखात दुसरे काही दिसत नव्हते. डॉक्टर हरखून म्हणाले, "बघ, किती स्थिर! ग्रहच तो!" आणि दुर्बीण तशीच लावून, वर कापड टाकून ते झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी मंडळी अंधार पडायच्या आतच आली. अनुभवी आकाशप्रेमी असेच करतात. आधी जागा पाहतात, डोळे अंधाराला सरावू देतात. अध्यक्षबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या होत्या आणि चुकीचा पत्ता त्यांना मुळीच खपत नसे.

"दुर्बीण लावायला किती वेळ लागेल?" त्यांनी विचारले.

"लावलेलीच आहे! काल रात्रीच लावून ठेवलीय."

"कालची आज कशी चालेल, डॉक्टर?"

"चालते. फार शिस्तीचा आहे. रोज त्याच वेळी, त्याच जागी. केसभरसुद्धा इकडेतिकडे नाही."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "सूर्य सरकतो, चंद्र सरकतो, सगळं आकाश सरकतं. हा एकटाच सरकत नाही?"

"म्हणून तर नवा!" डॉक्टर म्हणाले. "या ना, डोळा लावा. मान थोडी मागे. दुखलं तर डावा हात वर करा."

शुक्र उजळला होता. त्याच्या खालची डॉक्टरांची जागा अजून रिकामीच होती. "आज जरा उशीर झालाय त्याला," डॉक्टर म्हणाले आणि कपाळ पुसू लागले.

मित्रांनो, ही माझी वेळ होती. गच्चीभर पावले वाजत होती. एखाद्या धक्क्याचे निमित्त करून मी एक पाय नखभर घसरू दिला असता, तर दुर्बीण रिकाम्या आकाशात गेली असती. "ढग आले" म्हणून डॉक्टर सुटले असते. त्यांची अब्रू माझ्या पायाशी होती, अगदी खरीखुरी. मला ती करवत आठवली. मला ती दाढ आठवली.

मी हलले नाही.

अध्यक्षबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग डोळा न काढता म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या ग्रहावर वस्ती आहे."

"काय?"

"एक माणूस आहे. उलटा लटकलाय. शिडीवर आहे. चढतोय का उतरतोय, ते कळत नाही."

"या दुर्बिणीत उलटं दिसतं," मोजणीदार मागून म्हणाले. "पाय वर जात असतील, तर खाली उतरतोय."

"नाही, थांबलाय आता. हातात काहीतरी आहे. पिळतोय."

तेवढ्यात दूर क्षितिजावर लख्ख पांढरा ठिपका उमटला. डॉक्टरांनी दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "उगवला! बघा, बघा, उगवला!"

"उगवला नाही, डॉक्टर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बसवला."

आधी डॉक्टरांच्या पत्नी हसल्या. त्यांनी लगेच तोंडावर हात ठेवला, पण तोवर सगळी गच्ची हसत होती. मोजणीदार शांतपणे म्हणाले, "टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचा दिवा आहे तो, आज बदललेला दिसतो. त्या टाकीची जागा मीच मोजून दिली होती, याच तिपाईवर. टाकी व्हायला एवढी वर्षं लागली, तो भाग वेगळा."

"पण... लुकलुकत नव्हता तो," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज भूल दिल्यासारखा झाला होता.

अध्यक्षबाईंनी दुर्बीण शुक्राकडे वळवली. त्यांनी कळ फिरवली, शुक्र सरकला, त्यांनी परत फिरवली. चंद्राच्या कोरीसारखा शुक्र, एकदम धारदार, निश्चल. मग माझ्या सगळ्या आयुष्यात कोणी केले नव्हते ते त्यांनी केले. त्या खाली वाकल्या.

"काय तिपाई आहे!" त्या म्हणाल्या. "आमचा लोखंडी स्टँड वाऱ्याने हलतो. ही कुणाची?"

"माझी," मोजणीदार म्हणाले.

"म्हणजे, बाबा, तुम्ही मला दिलेली..."

"जपायला दिलेली," मोजणीदार म्हणाले आणि माझ्या पायाच्या कापलेल्या टोकावरून बोट फिरवले. "न्या बाई तुम्ही. लोखंडी स्टँड दाढेसाठी ठेवा हवा तर."

मी आता मंडळाच्या नव्या अध्यक्षाच्या गच्चीवर असते. डॉक्टरांना अध्यक्षपद मिळाले नाही. त्यांची दुर्बीण मखमली खोक्यातच पडून असते, आणि त्या खोक्यावर दाढ ठेवलेली असते. हे मला कळले तेव्हा मी फार समाधानाने उभी राहिले. डॉक्टर कधी कधी इथे येतात, रांगेत उभे राहतात, दुर्बिणीला डोळा लावण्याआधी माझ्याकडे पाहून नमस्कारही करतात. मी त्यांना माफ केलेले नाही. इथेही चार जण "काय दुर्बीण आहे!" म्हणतात. त्यांचेही चेहरे मला पाठ आहेत.

म्हणून सांगते, मित्रांनो. वर पाहण्याआधी एकदा खाली पाहा. ज्याच्या आधाराने उभे आहात त्याच्यावर करवत चालवण्याआधी, त्याला कुठे स्क्रू आहे का ते बघा. आम्ही ओरडत नाही, भांडत नाही, घर सोडून जात नाही. आम्ही वाट पाहतो. तुमच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी संध्याकाळ येईपर्यंत वाट पाहतो, आणि त्या संध्याकाळी आमचे काम अगदी चोख करतो.

बाकी माझे कुणाकडे काही मागणे नाही. फक्त दुर्बीण साफ करायला खाली नेल्यामुळे आत्ता माझे डोके मोकळे आहे, आणि त्यावर एक कबूतर येऊन बसले आहे. तेवढे कोणी हाकलेल का?