संगीताच्या हॉटेलाला गावाचा आधार

युसूफ वडगावच्या फाट्यावर संगीताचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, एक भट्टी, दोन बाकडी. समोरच माझं खताचं दुकान. त्यामुळं तिच्याकडं कोण आलं आणि कोण आलं नाही, हे मला तिच्याइतकंच ठाऊक. पुन्हा ऊसतोडीला जायचं नाही म्हणून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, अंगदनं, हे हॉटेल टाकलं होतं.

तिचं खरं गिऱ्हाईक बायका. केजला बाजाराला, दवाखान्याला निघालेल्या बायका प्रविणची जीप भरेपर्यंत तिच्या बाकड्यावर टेकायच्या, लेकरांना भजी घ्यायच्या, सासवांची उणीदुणी काढायच्या. बायांना निवांत बसायला फाट्यावर दुसरी जागा नव्हती. धंदा त्या बाकड्यांवर उभा होता.

मग पुढं पेट्रोल पंपाशेजारी काचेचं हॉटेल झालं आणि गावाला संगीताची काळजी लागली. आप्पाराव तिचे चुलत सासरे आणि गावातल्या प्रत्येक बैठकीचे कायमचे अध्यक्ष. त्यांनी मारुतीच्या पारावर ठराव घेतला, "गावची सून हाय. तिचा धंदा टिकला पाह्यजे. उद्यापासून चहा तिथंच."

गाव एरवी शब्दाला जागत नाही. यावेळी जागलं. सकाळी धारा काढून झाल्या की आप्पाराव, बंकटतात्या आणि आणखी पाचसहा टोप्या दोन्ही बाकडी धरायच्या. एक चहा दोघांत. दुपारी जेवायला जाताना जागेवर उपरणं टाकून जायचे, आधार मधेच तुटू नये म्हणून.

बायका लांबूनच डोक्यावर पदर घ्यायच्या. बाकड्यावर एकीचा सासरा, दुसरीचा थोरला दीर. त्यांच्यापुढं टेकायचं सोडाच, भजं तरी तोंडात कसं घालणार? त्या उन्हात उभ्या राहू लागल्या. ते बघून प्रविण जीप पुढं पंपाजवळ लावू लागला. काचेच्या हॉटेलात सगळी परकी माणसं. तिथं बायका मोकळ्या बसायच्या.

संगीता सगळं बघत होती. पण सासऱ्याला "उठा" म्हणणारी सून आमच्या गावात अजून जन्मायची आहे. शेवटी मीच गेलो.

"आप्पा, जरा पारावर बसत जा की. बायकांना जागा हुईल."

"कावून? तुझ्या पोत्यावर गिऱ्हाईक बसलं तर उठवतो का तू?"

"माझं गिऱ्हाईक खत घेतं, आप्पा."

"मग आमी काय फुकट पितो का बे?" बंकटतात्या म्हणाले. "पडत्या काळात सुनेला सोडलं म्हणून आमालाच बोल लागंल."

आप्पाराव भट्टीकडं वळले. "सूनबाई, आमचा तरास होतो का तुला?"

पदराआडून आवाज आला, "न्हाई मामा. बसा की."

"ऐकलंस?"

मी अंगदला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "काय बोलू भाऊ? आप्पा कालच म्हणले, मरेपर्यंत तुझ्याच हॉटेलात बसणार."

आधी भज्यांची कढई बंद झाली. मग दूध अर्ध्यावर आलं. दिवाळीच्या तोंडावर मुकादम आला आणि अंगदनं ऊसतोडीची उचल घेतली. त्या दिवशी संगीता माझ्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "काचेच्या हॉटेलापुढं टिकले असते मी, भाऊ." बाकड्यांकडं बघितलंसुद्धा नाही.

निघायच्या दिवशी ट्रॅक्टर फाट्यावर लागला. वर पत्र्याची पेटी, भांडी, बांधलेली शेळी. अंगदला बाकडी आत ठेवून शेडला कुलूप लावायचं होतं. तो हातात कुलूप घेऊन उभा, आणि बाकड्यांवर सगळे जण बसलेले. मुकादम दोनदा ओरडला. शेवटी अंगदनं बाकडी बाहेर सोडूनच कुलूप घातलं.

"सूनबाईची माया बघ," बंकटतात्या म्हणाले. "आपल्यासाठी बाकडी ठिवली."

संगीता ट्रॉलीतून खाली उतरली. पदर घेऊन एकेकाच्या पाया पडली, आधी एका बाकड्यावरच्यांच्या, मग दुसऱ्यावरच्यांच्या. उठलं कुणी नाही; आशीर्वाद द्यायला उठावं लागत नाही.

"सुखी ऱ्हा," आप्पारावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या साली मोठं हॉटेल टाक. बाकडी वाढव. आमी हाव."

"व्हय मामा," ती म्हणाली, आणि अंगदनं वरून दिलेला हात धरून ट्रॉलीत चढली.